कूलर आला, पण पंपच नाही! वस्तूतला भाग गायब असेल तर ग्राहकाने काय करायचं?

एप्रिल संपत आलाय. जळगाव, भुसावळकडे पारा ४५ च्या दिशेने निघालाय, धुळ्यातही दुपारी रस्ते ओस पडतात. घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून तुम्ही पैसे जमवून ऑनलाइन कूलर मागवता. खोकं येतं, उघडता, सगळं जोडता, आणि लक्षात येतं की पाण्याचा पंपच नाही. पंप नसलेला कूलर म्हणजे नुसता मोठा पंखा.

कस्टमर केअरला फोन लावला की संगीत ऐकायला मिळतं. मग एक जण म्हणतो, ‘४८ तासांत होईल.’ दुसरा म्हणतो, ‘पार्ट स्टॉकमध्ये नाही.’ तिसरा म्हणतो, ‘तुमची तक्रार बंद झालेली दिसतेय.’ दुकानातून घेतला असेल तर दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे.

अशा वेळी बहुतेक लोक वैतागून दोनशे-चारशे रुपयांचा पंप बाजारातून आणतात आणि विषय सोडून देतात. पण कायदा या बाबतीत बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. तो कसा वापरायचा, ते पाहू.

भाग कमी असणं म्हणजे कायद्याने ‘दोष’च

‘वस्तू खराब नाही, फक्त एक पार्ट कमी आहे’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे, त्यात गुणवत्तेबरोबर प्रमाणातली उणीवही येते. म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी मिळालं, तरी तो दोष. तक्रार करूनही दाद दिली नाही, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी १९८६ चा कायदा होता.

त्याहून जुना आधारही आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार विक्रेत्याने ठरल्यापेक्षा कमी माल दिला, तर ग्राहक तो नाकारू शकतो. मात्र माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत काहीच कळवलं नाही, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून खोकं महिनाभर माळ्यावर ठेवू नका. आल्या दिवशी उघडा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

ही ओळ आपण शेकडो पावत्यांवर वाचलीय. पण सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. त्यासाठी बिलावर जी मुदत लिहिली असेल ती, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे जळगावच्या फुले मार्केटमधून घ्या की धुळ्याच्या आग्रा रोडवरून, पक्कं बिल मागून घ्या. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ या वाक्यावर गेलात, तर पुढे हातात पुरावा राहत नाही.

ऑनलाइन खरेदीला वेगळे नियम आहेत का?

आहेत. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. त्यानुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क आपल्या साइटवर द्यावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं. सदोष वस्तू, किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कस्टमर केअर आणि तक्रार अधिकारी हे दोन वेगळे. फोनवर दहा वेळा बोलण्यापेक्षा तक्रार अधिकाऱ्याला एक ईमेल पाठवणं जास्त उपयोगाचं.

पुरावा म्हणून काय जपायचं?

• बिल, ऑर्डर क्रमांक आणि पैसे भरल्याचा पुरावा.
• खोकं आणि त्यावरचं लेबल. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि ग्राहकांसाठीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे.
• आत आलेल्या भागांची यादी किंवा माहितीपुस्तिका. त्यात ‘पंप : १’ असं छापलेलं असेल, तर तुमचा अर्धा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.
• जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट. हे पान नंतर बदलू शकतं.
• खोकं उघडतानाचा व्हिडिओ. कायद्यात याची सक्ती नाही, पण ‘पार्ट तुम्हीच हरवला असेल’ हा आरोप तो एका मिनिटात खोडतो.
• प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक.

आता पायरी पायरीने जाऊ

पहिली पायरी : कंपनी आणि विक्रेता दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा. काय कमी आहे, कधी लक्षात आलं, तुम्हाला काय हवं (भाग, बदली वस्तू की पैसे) आणि किती दिवसांत, हे चार-पाच ओळींत. रागाचे शब्द नकोत. उद्या हाच ईमेल आयोगासमोर वाचला जाणार आहे.

दुसरी पायरी : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

तिसरी पायरी : तरीही हालचाल नसेल तर पोस्टाने नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तुम्ही पुरेशी संधी दिली होती, हे त्यातून दिसतं.

चौथी पायरी : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. यालाच आपण अजून ‘ग्राहक मंच’ म्हणतो.

आयोगात जायला बंगळूरूला जावं लागेल का?

नाही. पूर्वी तक्रार कुठे करायची हे समोरच्याचं कार्यालय कुठे आहे किंवा व्यवहार कुठे घडला, यावर ठरायचं. त्यामुळे कंपन्या ‘आमचं कार्यालय तिकडे आहे’ म्हणून वाद घालायच्या. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाण्याची मुभा दिली. शिरपूरचा ग्राहक धुळ्याच्या आयोगात आणि चाळीसगावचा ग्राहक जळगावच्या आयोगात तक्रार करू शकतो, मग कंपनी कुठलीही असो.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क शून्य आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मुदत आहे वाद उद्भवल्यापासून २ वर्षांची.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. चाचणीची गरज नसेल तर ३ महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात उशीर होतो, याची तयारी ठेवा. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि त्रासाची भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर तुरुंगवास किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

शेतकऱ्यांनाही हे लागू आहे का?

खानदेशात हा प्रश्न महत्त्वाचा. केळी, कापसासाठी ठिबकचा संच घेतला आणि फिल्टर किंवा व्हॉल्व्ह आलाच नाही, तर नुकसान फक्त त्या भागाच्या किमतीचं नसतं, पाण्याची पाळी चुकते. समोरून ‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगितलं जाऊ शकतं. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सांगितलं आहे.

सोशल मीडियावर पोस्ट टाकावी का?

टाका, कंपन्या त्याला लवकर उत्तर देतात. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. ती व्हायरल झाली तरी २ वर्षांची मुदत थांबत नाही. दोन, पोस्टमध्ये मोबाईल नंबर किंवा ऑर्डर क्रमांक लिहू नका. अशा पोस्ट शोधून ठग ‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ म्हणत फोन करतात, एखादं ॲप डाउनलोड करायला लावतात आणि रिफंडसाठी यूपीआय पिन मागतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवरही विश्वास ठेवू नका, नंबर खोक्यावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

आणि हो, उन्हाळा तक्रारीच्या निकालाची वाट पाहत नाही. घरात माणसं तापत असतील तर पंप बाजारातून आणा, पण त्याचं बिल घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. तो खर्चही तुम्हाला भरपाईत मागता येतो.