सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच वाजतात का?
(एका जुन्या वादाचा इतिहास)

मी रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागात आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा असल्यामुळे झाशीच्या आमच्या कॉलनीत कोणाला टीव्ही किंवा होम थिएटर घ्यायचे झाले की विचारणा माझ्याकडे होते. त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो. "रिसीव्हर कुठला घेऊ? स्वस्तातल्या आणि महागातल्या रिसीव्हरच्या आवाजात खरंच फरक असतो का हो?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर गेली कित्येक वर्षे जगभर वाद चालला आहे. आणि गंमत म्हणजे या वादाचे मूळ आमच्याच दूरसंचाराच्या भावकीत आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास थोडक्यात मांडतो.

तार लांब गेली की आवाज क्षीण होतो. म्हणून मध्ये मध्ये रिपीटर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच, बसवावे लागतात. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ऑडिऑन हा व्हॉल्व्ह बनवला आणि त्याच्या सुधारित रूपाच्या जोरावर १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला. परंतु प्रत्येक रिपीटर आवाज वाढवताना त्यात थोडी विकृती मिसळत असे. एकामागून एक असे अनेक रिपीटर लागले की तीच विकृती साचत जाई. बेल लॅबमधील हॅरोल्ड ब्लॅक या तरुण इंजिनिअरपुढे हाच प्रश्न होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीच्या फेरीबोटीत त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी ते मांडले. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. त्यामुळे वाढ कमी होते, पण त्याच प्रमाणात विकृतीही कमी होते. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मुद्दाम वाढ कमी करणारा अ‍ॅम्प्लिफायर ही कल्पना इतकी विचित्र वाटली की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. आज तुमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हीच युक्ती आहे.

टेलिफोनसाठी शोधलेली ही युक्ती पुढे संगीताच्या कामी आली. १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. त्यातली विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बनवला. म्हणजे चांगला अ‍ॅम्प्लिफायर कसा करावा, हे स्वातंत्र्याच्या वर्षीच छापून आले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आले आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज कोरडा आहे, कानाला टोचतो, व्हॉल्व्हची गोडी नाही. या लोकांचे कान खोटे नव्हते. त्या काळच्या अनेक सर्किटांत सिग्नलचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा, तिथे हस्तांतराच्या जागी एक बारीक खाच पडत असे. हळू आवाजात ती जास्तच जाणवे. दोष खरा होता, मोजता येत होता आणि पुढे तो दूरही झाला. पण "अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असतो" ही समजूत मात्र कायम राहिली.

ती तपासायची कशी? इथेही टेलिफोनवालेच मदतीला आले. १९३३ मध्ये बेल लॅबचे फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज हळू असला की आपला कान खर्जाला जास्त बहिरा होतो. याचा अर्थ असा, की तेच गाणे किंचित मोठ्याने लावले तर ते नुसते मोठे न वाटता अधिक भरदार आणि "चांगले" वाटते. याच मन्सन यांनी १९५० मध्ये गार्डनर यांच्यासह एक चाचणी सुचवली. आधी 'अ' ऐकवा, मग 'ब', आणि नंतर यांपैकीच एक नाव न सांगता ऐकवून विचारा, हा कोणता? यात दुकानदाराचे बोलणे, किमतीची चिठ्ठी आणि पुढच्या पॅनेलची चकाकी हे सगळे बाद होते. उरतो तो फक्त कान.

१९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर अशाच पडद्याआडच्या परीक्षेला बसवले. एक १९५३ चा व्हॉल्व्हवाला, दुसरा १९६७ चा आणि तिसरा १९७५ चा ट्रान्झिस्टरवाला. ऐकणाऱ्या जाणकारांना ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने जानेवारी १९८७ च्या अंकात याहून मोठी चाचणी छापली. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा यंत्रे होती. २५ श्रोत्यांत फरक मानणारेही होते आणि न मानणारेही. एकंदर उत्तरे निम्म्याच्या आसपास बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून येतील तितकीच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले, की तुमच्या आवडीच्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखाच माझा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर वाजवून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत दोन दिवस खपून त्यांनी दोघांच्या आउटपुटमधला फरक ७० डेसिबल खाली, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबात तीन हजारांत एक इतका, आणून ठेवला. संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. यातून दोन गोष्टी दिसतात. मुळात फरक होता, म्हणूनच तर तो जुळवावा लागला. आणि तो फरक मीटरवर दिसत होता, म्हणूनच जुळवता आला.

गेल्या वर्षी आमच्या एका सहकाऱ्यांना निवृत्तीच्या फंडातून होम थिएटर घ्यायचे होते. मोठ्या शहरातल्या दुकानदाराने त्यांना सांगितले, "चाळीस हजारांच्या रिसीव्हरमध्ये जान नसते, दीड लाखाचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या." आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न, म्हणून माझ्या क्वार्टरमध्ये चौघांना बसवले. एक चांगल्या स्थितीतला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, एक साधा रिसीव्हर, पुढे चादर आणि भीमसेनांचा अभंग. प्रथम रिसीव्हर मुद्दाम एक डेसिबल मोठा ठेवला. चौघांनीही त्यालाच पसंती दिली. मग जुना एक डेसिबल मोठा केला, तर तिघे तिकडे वळले. नंतर २०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजले आणि दोन्ही एका टक्क्याच्या आत जुळवले. त्यानंतर फक्त अंदाजपंचे उत्तरे आली. शेवटी स्पीकर बदलला, तेव्हा स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "आता काय बदललंत?" आमच्या सहकाऱ्यांनी दीड लाखाचा नाद सोडला आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग चांगल्या स्पीकरवर घातला. चार माणसांची ही घरगुती चाचणी म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पण वर सांगितलेल्या इतिहासाशी ती जुळते.

मग महागड्या रिसीव्हरला अर्थच नाही का? आहे, पण कुठे ते पाहावे. ताकद कमी पडली की लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो, हा फरक कोणालाही ऐकू येतो. पण कागदावरच्या वॉटवर भुलू नये. १९९० च्या दशकात आपल्याकडे छोट्याशा डेकवर "१००० वॉट पीएमपीओ" असे छापलेले असायचे, ते आठवत असेल. असल्याच फुगवलेल्या आकड्यांना लगाम घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला होता. दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, सतत किती वॉट, हे विचारावे. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, हेही लक्षात असू द्या. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हर ते पेलतो का, ते पाहावे. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरनुसार आपला स्वर बदलतात. ती गोडी कोणाला आवडली तर आनंदाने घ्यावी. आजच्या रिसीव्हरमध्ये माइक लावून खोलीप्रमाणे आवाज सुधारण्याची सोय असते. तिने मात्र ऐकण्यात मोठा फरक पडतो, म्हणून तुलना करताना ती आणि बासची सगळी बटणे बंद ठेवावीत.

तेव्हा मित्रहो, आधी खोली पाहा, मग स्पीकर निवडा, मग त्यांना पुरेल असा आणि जवळपास दुरुस्ती होईल असा रिसीव्हर घ्या. दुकानात दोन यंत्रांत फरक ऐकू आला, तर आधी दोघांचा आवाज सारखा करायला सांगा. त्यानंतरही, यंत्राकडे न पाहता, फरक ओळखता आला तर तो खरा. त्याचे पैसे जरूर मोजा.