‘लिओपोल्ड’ कां टिकलें?

पैनगंगेच्या कांठच्या देऊळघाटासारख्या गांवीं चार माणसांस एकत्र बसावयाचें, तर पार आहे, देवळाची ओसरी आहे. महानगरांत आलेल्या परस्थाला यांतलें कांहींच नसतें. त्यानें बसावें कोठें? मुंबईच्या कुलाबा भागांतील ‘लिओपोल्ड’ या उपाहारगृहाचा इतिहास हें या प्रश्नाचें एक उत्तर आहे. तेथें मद्यही मिळतें, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. मद्याचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं.

इ. स. १८७१ मध्यें इराणी मंडळींनीं हें दुकान थाटलें आणि त्यास बेल्जमच्या राजाचें नांव दिलें. आरंभीं येथें खाद्यतेलाचा ठोक व्यापार चाले. उपाहारगृह मागाहून झालें. इराण्यांचीं दुकानें बहुधा नाक्यावर असत. कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस सहज मिळे, अशी आख्यायिका आहे. तें कसेंही असो. दोन रस्त्यांचीं माणसें नाक्यावर आपोआप भेटतात, हा लाभ मोठा.

मद्य हेंच अशा स्थळांचें सर्वस्व असतें, तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर तीं ओस पडावयास हवीं होतीं. परंतु त्या काळींही इराण्यांचीं मेजें चहा आणि मस्का-पाव यांवर गजबजलेलीं राहिलीं. पुढें त्यांतलीं पुष्कळ दुकानें मिटलीं. ‘लिओपोल्ड’ मात्र राहिलें. बंदर आणि ताजमहाल हॉटेल जवळ असल्यामुळें परदेशी प्रवासी तेथें येत राहिले, हें त्याचें एक उघड कारण होय.

खरी कसोटी लागली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं. दहशतवाद्यांनीं येथें हातबाँब फेकला, गोळीबार केला. सुमारें १० माणसें प्राणांस मुकलीं. तरी आठवडा उलटण्यापूर्वींच दार पुन्हा उघडलें. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा बुजविल्या नाहींत, आणि त्या खुणांशेजारीं लोक पूर्ववत् येऊन बसूं लागले.

हें केवळ पेल्याच्या ओढीनें घडलें, असें आम्हांस वाटत नाहीं. पेला मुंबईंत शंभर ठिकाणीं मिळतो. अनोळखी माणसांत निर्धास्त बसतां येणें ही मात्र शहराची दुर्मिळ मिळकत आहे. ती हिरावून घेण्यासाठींच तो घाव घातला गेला होता. लोकांनीं निमूटपणें जुन्या खुर्च्या ओढून ती परत घेतली. पाराचें महत्त्व जाणणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.