एक जाहिरात, पाच हजार चावड्या

बैठकीची वेळ कळवायला म्हणून आपण व्हॉट्सॲपवर बचत गटाचा ग्रुप करतो आणि तिथे कुणीतरी झटपट कर्जाची, नाहीतर वजन कमी करायच्या पावडरीची जाहिरात टाकतं. एक म्हणते, काढून टाका. दुसरी म्हणते, राहू द्या, आपल्याच गावची आहे. कुणाचं बोलणं पुसायचं आणि ते ठरवायचं कुणी? हा वाद आपल्या मोबाइलपेक्षा जुना आहे. आज त्याची गोष्ट सांगते.

1979 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूजनेट सुचलं. पुढच्या वर्षी ते सुरू झालं. ही म्हणजे कॉम्प्युटरवरची चावडीच. स्वयंपाकाची वेगळी, बागकामाची वेगळी, गणिताची वेगळी. एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं पत्र दुसऱ्याकडे जाई, तिथून तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकजण आपल्याकडे एक प्रत ठेवी. या सगळ्याचा मालक असा कुणीच नव्हता.

आपण लिहिलेलं चुकलं तर ते मागे घ्यायची सोय होती. ‘अमुक पत्र रद्द करा’ असा निरोप सोडायचा, की गावोगावचे कॉम्प्युटर आपापली प्रत काढून टाकत. पण निरोप पाठवणारी व्यक्ती तीच आहे का, हे नीट कुणी तपासत नव्हतं. वर नाव टाकलं की झालं. म्हणजे सहीची खातरजमा न करता पैसे देणारी बँकच म्हणा ना!

1993 च्या मार्चअखेरीला एका गृहस्थाने निनावी पत्रं आपोआप काढणारा प्रोग्राम चालवून पाहिला. त्यात चूक राहिली. प्रोग्राम स्वतःच्याच सूचनेला उत्तर देऊ लागला, मग त्या उत्तराला उत्तर. एकाच गटात सुमारे दोनशे पत्रं पडली. साफसफाईला निघालेल्या यंत्रानेच उकिरडा केला. या गोंधळाला लोकांनी गमतीने ‘स्पॅम’ म्हटलं. स्पॅम हे डबाबंद मांसाचं नाव. 1970 सालच्या एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात हॉटेलातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात ते असतं. नको म्हटलं तरी ताटात येणारं!

खरा भडका उडाला 12 एप्रिल 1994 रोजी. ॲरिझोनातले लॉरेन्स कँटर आणि मार्था सिगल हे वकील नवराबायको. अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, सोडतीने मिळणार होतं. अर्जाला वकील लागत नव्हता, साधं पत्र पुरत होतं. तरी फी घेऊन मदत करू अशी जाहिरात यांनी पाच हजारांहून जास्त गटांत टाकली, आणि प्रत्येक गटात सुटी प्रत. दहा गट वाचणाऱ्याला ती दहादा दिसली. लोकांच्या संतापाच्या पत्रांनी त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर वारंवार बंद पडले. कंपनीने त्यांचं खातं तोडलं. दोघांनी माफी तर मागितली नाहीच, उलट इंटरनेटवर पैसे कसे कमवावेत याचं पुस्तक काढलं!

मग नॉर्वेतल्या आर्न्ट गुलब्रान्सेन या तरुणाने त्यांच्या जाहिराती शोधून रद्दचे निरोप सोडणारा प्रोग्राम लिहिला. लोक खूश झाले. पण काहींच्या पोटात गोळा आला, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. आज वकिलाची जाहिरात काढली, उद्या एखादीची तक्रार काढली तर? पुढे झालंही तसंच. 1996 मध्ये कुणीतरी याच युक्तीने लोकांची हजारो साधी पत्रं पुसून टाकली.

शहाणपणाचा तोडगा निघाला तो मोजणीचा. मजकूर काय आहे हे बघायचंच नाही, किती वेळा टाकला तेवढं मोजायचं. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ते माप ओळखलं जातं. 45 दिवसांत एकच मजकूर वीस गटांत सुटा सुटा टाकला, की हद्द झाली. एकच पत्र अनेक गटांना जोडून पाठवलं तर सवलत. देवाधर्माचं असो, धंद्याचं असो, नियम एकच. ‘कॅन्सलमूस’ या टोपणनावाने काम करणारी व्यक्ती तर काय काढलं आणि का, हे प्रत्येक वेळी जाहीर करायची.

हे सारं फुकटचं काम होतं, घरातल्या झाडलोटीसारखं. केलं तर दिसत नाही. 1998 च्या एप्रिलमध्ये या स्वयंसेवकांनी चक्क संप केला. जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांना आवरावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

व्हॉट्सॲपवर 2022 पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. काढल्यावर त्या जागी, तो कोणत्या ॲडमिनने काढला ते नाव सगळ्यांना दिसतं. आपल्या ग्रुपवर कधी तशी ओळ दिसली असेल, तर पुढच्या बैठकीत त्या ॲडमिनताईंना विचारा, का काढला म्हणून.