कणसाची कथा : शाळू आणि मका

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हाताला लेखणीपेक्षा उलथन्याची सवय जास्त. पण श्रावणात मंडळाने मक्याच्या पदार्थांची स्पर्धा घेतली, तीत माझ्या मक्याच्या किसाला बक्षीस मिळाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "पदार्थ केलात, आता त्या कणसाचा इतिहासही लिहा." मी लेकीकडून काही वाचून घेतले, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काही विचारले आणि लिहायला बसले. तो काय, कणीस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी मका येतच नाही, येतो तो शाळू! म्हणून दोन्ही कणसांची हकीकत सांगते.

आधी मक्याची, कारण बक्षीस त्याने दिले. मका मूळचा आपला नव्हे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिको देशातल्या शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो घडवला. त्या गवताच्या कणसाला पाच ते बारा दाणे असत आणि तेही दगडासारख्या टणक कवचात. पिढ्यान् पिढ्या चांगले बी निवडून पेरले, तेव्हा आजचे टपोरे कणीस झाले. आता तर मक्याचे दाणे कणसावरून आपोआप गळतही नाहीत. माणसाने सोलून पेरले तरच त्याचा वंश चालतो. कोलंबस १४९२ साली त्या बाजूला पोहोचला आणि मका युरोपात गेला. पुढे १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, १५१० साली त्यांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या गलबतांबरोबर मिरची, बटाटा, मका ही मंडळी आपल्याकडे आली.

मका आला, पण त्याच्या माहेरची एक युक्ती मागेच राहिली. मेक्सिकोतल्या बायका वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग आपल्या पाट्यासारख्या दगडावर वाटतात. त्यामुळे त्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपातल्या गरिबांनी नुसताच मका खाल्ला, तेव्हा त्यांना अंगाची कातडी काळवंडून सोलणारा पेलाग्रा नावाचा रोग जडला. हाच रोग आपल्या दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "म्हणून तर भाकरीसंगं वरण पाहिजे, ताक पाहिजे. आमच्या टायमाला ते कुठं मिळायलं होतं?" दोष धान्याचा नव्हता, ताटात दुसरे काही नसण्याचा होता.

आमच्या हिंगोलीकडे मका असे तो विहिरीजवळच्या पाणभरत्या तुकड्यात नाहीतर जनावरांच्या वैरणीसाठी. पोट भरणारे धान्य म्हणजे जोंधळा, आणि त्यातला रब्बीचा तो शाळू. हा जोंधळा तरी कुठला? तोही आफ्रिकेतून आलेला, पण हजारो वर्षांपूर्वी. इतका जुना पाहुणा, की त्याला पाहुणा म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही. दाण्याची भाकरी माणसाला, कडबा बैलाला, धसकटे चुलीला. काही वाया जात नसे.

शाळूचे कणीस दाण्यात दूध घट्ट झाले पण दाणा अजून कडक झाला नाही, अशा थोड्या दिवसांत खायचे असते. त्याला हुरडा म्हणतात. साधारण मार्गशीर्ष-पौषात हे दिवस येतात. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या जुन्या जातींचा हुरडा गोड आणि मऊ. वावरात हातभर खड्डा घ्यायचा, गोवऱ्यांचा विस्तव करायचा, ती आगटी. निखारे राखेने झाकले की कणसे त्यात खोचायची. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचे, दाणे सुपात धरून फुंकर मारायची आणि हिरवेगार दाणे पानावर वाढायचे. सोबत जवसाची किंवा कारळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, गूळ, दही आणि पाटीभर बोरे. उरलेल्या हुरड्याचे वाटून थालीपीठ होते. वाळवून ठेवला तर पुढे भिजवून उसळही होते.

दोन्ही कणसांचा एक धर्म मात्र सारखा. तोडल्याबरोबर त्यातली साखर कमी होऊ लागते आणि दाणा पिठूळ होत जातो. म्हणून कणीस तोडलेल्या दिवशीच खावे. मक्याचे तसेच. निखाऱ्यावर फिरवत भाजावे आणि लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळावे. उकडायचे असेल तर वरचे एक-दोन हिरवे पापुद्रे ठेवूनच उकडावे आणि मीठ खाताना लावावे. किसासाठी कोवळी कणसे किसणीवर किसून जिरे, हिंग, हिरवी मिरचीच्या फोडणीत मंद आचेवर परतावीत, थोडे दूध शिंपडून झाकण ठेवावे, वर कोथिंबीर-खोबरे. बक्षिसाचे गुपित एवढेच, की कणसे सकाळची होती!

आता हुरड्याची दुसरी बाजू सांगते. ती स्पर्धेत सांगण्यासारखी नव्हती. कणसात दूध भरले की पाखरांचे थवे उतरतात. म्हणून वावरात चार खांबांवर माळा बांधायचा आणि कोणीतरी दिवसभर गोफण घेऊन उभे राहायचे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. १९९२ साली मी सातवी पास झाले. आठवीचा वर्ग चार मैलांवरच्या गावी. आबा म्हणाले, "यंदाचा शाळू निघू दे, पुढच्या जूनला घालू." मी माळ्यावर चढले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हाकाटी करायची, गोफण भिरकवायची, भूक लागली की कणीस भाजून खायचे. तसा हुरडा मी पुढे कधी खाल्ला नाही, हे खरे. पण रस्त्याने दप्तरे घेऊन जाणारी मुले माळ्यावरून लांबपर्यंत दिसत, हेही खरे. पुढचा जून आला, तेव्हा धाकटा भाऊ आजारी होता. त्याच्या पुढच्या जूनला कोणी विषयच काढला नाही. शाळूने माझी शाळा घेतली असे मी हसत सांगते, पण भगिनींनो, ते हसू वरवरचे आहे. माझ्या वयाच्या कितीतरी जणी अशाच माळ्यावर थांबल्या असतील.

हुरड्याच्या पंगतीतही बायकांची जागा ठरलेली. पाहुणे आणि पुरुष आगटीभोवती. गोवऱ्या वाहणाऱ्या, चटणी वाटणाऱ्या, सूप धरणाऱ्या आम्ही. आमची पाळी येई तेव्हा राख गार झालेली असे. तरीही त्या पंगतीचे एक मोठेपण होते. आत्याबाई सांगतात, हुरडा विकायचा नसे. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारायची. सालगडी, सुतार, लोहार, कुंभार सगळ्यांचे कणसांवर मन असे आणि मानही असे.

आत्याबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिला. शाळू पेरलाच गेला नाही, पेरला तो वाळला. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. तिकडे ती मुख्यत्वे जनावरांना घालतात. त्या लाल भाकरीला चिकटपणा नसे, थापता थापता चिरे. गंमत पाहा, मिलोही आपल्या जोंधळ्याच्याच कुळातली. तिचे पूर्वज आफ्रिकेतून अमेरिकेत गेले, आपले इकडे आले, आणि संकटात ही बहीण दारी आली तेव्हा तिला कोणी प्रेमाने घेतले नाही. त्या साली वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी राज्यभर सुरू झाली. आत्याबाई तान्ह्या मुलाला लिंबाखाली निजवून खडी फोडायला जात. "मिलोला नावं ठेवू नये, तिनंच आमाला जगवलं," असे त्या आजही म्हणतात.

त्याआधीच, १९६४ साली, सीएसएच-१ ही संकरित ज्वारी निघाली होती. पलीकडच्या पुसद भागातले, गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी संकरित बियाण्यांचा मोठा पुरस्कार केला. हायब्रीडने पोती भरली, लोकांची भूक हटली. पण ताट ठेंगणे, कडबा कमी, आणि भाकरीला जुनी गोडी नाही अशी तक्रार घरोघर होती.

मी लग्न होऊन सासरी आले १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. तेव्हा आमच्या वावरात अर्धा शाळू होता. पाहता पाहता सोयाबीन आले, वसमतकडची हळद आमच्याकडेही पसरली. त्यात पैसा आहे. लेकीच्या शिक्षणाचा खर्च हळदीनेच निघतो, तिला मी नावे ठेवणार नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कडब्याची गरज उरली नाही. आता हुरडा खायचा तर शहराजवळच्या शेतावर माणशी पैसे भरून जातात. एकीकडे २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी शक्ती अशा चांगल्या जाती काढल्या, आणि दुसरीकडे आमच्या शिवारात लेकराला दाखवायला कणीस नाही.

म्हणून गेल्या साली मी मालकांच्या मागे लागून हळदीच्या कडेला शाळूची सहा तासे पेरून घेतली. गूळभेंडीचे बी आत्याबाईंच्या भावाच्या घरून आणले. पीक सुंदर आले. आणि काय झाले? साऱ्या शिवारात शाळू एकटा आमचा, म्हणून साऱ्या शिवाराची पाखरे आमच्याच वावरात! मालक म्हणाले, "पोरीला सुट्टीच्या दिवशी बसव राखणीला." लेक यंदा बारावीला आहे, तेव्हा अकरावीला होती. ती "बसते की" म्हणाली. पण मी म्हटले, नाही. एका दिवसापुरतेही नाही. माळ्यावर मी चढले. तीस वर्षांनी गोफण हातात घेतली, पहिला दगड भलतीकडेच गेला! निम्मे कणीस पाखरांनी नेले, निम्मे राहिले. पौषात आगटी पेटवली तेव्हा आत्याबाईंना आणि लेकीला पहिल्या घासाला बसवले, मालकांना सूप धरायला लावले. त्यांनी मुकाट्याने धरले.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती मंडळापुढे ठेवते. एकटीचा शाळू पाखरांचा होतो. दहा घरांनी शेजारी-शेजारी चार-चार तासे पेरली तर पाखरांचा वाटा दहा जागी विभागतो आणि सगळ्यांना पुरते. राखणीचे दिवस आपण मोठ्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, पाळीपाळीने वाटून घ्यावेत. शाळकरी मुलगी मात्र माळ्यावर बसवायची नाही, एवढी एक अट. कणीस आपल्याला मेक्सिकोचेही चालते, आफ्रिकेचेही चालते, पण ते पोरीच्या दप्तराच्या मोलाने नको.

बी मजकडे आहे. पेरणी भाद्रपद-आश्विनात असते. ज्यांना हवे त्यांनी ओंजळभर घेऊन जावे. आणि पुढच्या वर्धापनदिनाला मक्याच्या किसाशेजारी हुरड्याचे थालीपीठ मांडता यावे, अशी इच्छा व्यक्त करून व मंडळाच्या उत्कर्षाची कामना करून हा लेख पुरा करते.