उंबराचे फूल आणि स्मर्नाची अंजिरे

फार दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वाक्प्रचार गोड आहे, पण वनस्पतिशास्त्राला धरून नाही. उंबराला फुले शेकड्यांनी येतात. ती बाहेर दिसत नाहीत, एवढेच. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती फुले आत वळवून मिटलेली पिशवी असते. तिच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि खवल्यांनी बुजलेल्या त्या वाटेने आत घुसते ते केवळ एक चिमुकले चिलट. नात्याने ते गांधीलमाशीच्या कुळातले. मधमाशीचा इथे काही उपयोग नाही.

परागीभवन करणाऱ्या कीटकांना मदत करायची म्हटले की हल्ली लगेच मधपेटीची गोष्ट निघते. पेटी उपयोगाची आहेच. पण जे कीटक पेटीत राहत नाहीत, मध देत नाहीत, त्यांचे काय? उंबराचा भाऊबंद असलेल्या अंजिराच्या इतिहासात या प्रश्नाचे फार जुने उत्तर आहे. मी वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. बागायतीची जुनी पुस्तके वाचता वाचता या गोष्टीपाशी येऊन अडकलो.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की रानअंजिरातून एक कीटक बाहेर पडतो, लागवडीच्या अंजिरात शिरतो आणि त्यामुळे फळ गळत नाही. म्हणून शेतकरी रानअंजिराची फळे आपल्या झाडांना बांधतात आणि जवळ रानअंजिराची झाडेही लावतात. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यानेही ही पद्धत नोंदवली. त्यांच्या आधी शंभर वर्षे हिरोडोटसच्या कानांवरही ती आली होती, मात्र त्याने बाबिलोनच्या खजुराचे वर्णन करताना अंजिराचा कीटक खजुरात घुसवून दिला. ऐकीव माहितीचे असेच होते.

कारण कोणालाच ठाऊक नव्हते, तरी पद्धत अचूक होती. रानअंजिराच्या फळात आखूड दांड्याची मादीफुले असतात, त्यांत चिलट अंडी घालू शकते. पिल्ले तिथेच वाढतात. बिनपंखी नर आतच जन्मून आतच मरतात. पंख असलेल्या माद्या अंगावर पराग माखून बाहेर पडतात. जेमतेम दिवस-दोन दिवसांचे त्यांचे आयुष्य. तेवढ्यात एखादी स्मर्ना जातीच्या अंजिरात शिरली तर तिथली फुले लांब दांड्याची निघतात. अंडी घालता येत नाहीत, पराग तेवढे सांडतात, आणि ती आतच मरते. फळ पिकते ते शेतकऱ्याचे. चिलटाचा वंश टिकायचा तर रानअंजीर हवेच, आणि रानअंजिराचे फळ माणसाच्या खाण्याच्या लायकीचे नसते. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘बोकडाचे अंजीर’ असा आहे.

एकोणिसाव्या शतकात या पद्धतीवर वाद पेटला. नेपल्सच्या गास्पारिनीने ती निव्वळ निरर्थक ठरवली. त्याच्या भोवतालच्या बऱ्याच जाती परागीभवनाशिवाय पिकणाऱ्या होत्या, तेव्हा त्याच्या डोळ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. चूक झाली ती आपल्या अंगणातले अंजीर म्हणजे जगातले सगळे अंजीर असे धरण्यात.

याची किंमत मोजली कॅलिफोर्नियाने. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने स्मर्नाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्मिरहून, सुमारे १४,००० छाट कलमे मागवून वाटली. झाडे जोमाने वाढली, फळे धरली आणि सुपारीएवढी होऊन गळून पडली. वर्षामागून वर्षे हेच. स्मर्नाच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम वांझ कलमे गळ्यात मारली, अशी बागायतदारांची समजूत झाली. गुस्ताव आयसेन हा अभ्यासक कीटकाची गरज सांगू लागला तेव्हा फ्रेस्नोच्या सभेत त्याची टर उडवली गेली. अडाणी शेतकरी झाडाला फळांच्या माळा बांधतात, ती अंधश्रद्धा आपण का पाळायची, असा एकूण सूर. मला या सभेचे वर्णन वाचताना हसू कमी आणि संताप जास्त येतो.

पण १८९० च्या सुमारास आयसेन आणि बागायतदार जॉर्ज रोडिंग यांनी दात कोरायच्या काडीने पराग आत घातले, आणि ती फळे पिकली. पुढचा प्रश्न चिलट आणण्याचा. अनेक खेपा वाया गेल्या. कीटक पोचत, पण उतरायला योग्य अवस्थेतले रानअंजीर नसे. अखेर १८९९ मध्ये वॉल्टर स्विंगलने अल्जीरियाहून पाठवलेली चिलटे रोडिंगच्या बागेत रुजली, कारण तिथे रानअंजिराची झाडे आधीच वाढवलेली होती. त्या अंजिराला कॅलिफोर्निया आणि स्मर्ना मिळून ‘कॅलिमर्ना’ नाव पडले.

या चिलटाला पेटी नाही. झाड हीच त्याची पेटी. ते झाडही वर्षभर फळते असले पाहिजे. रानअंजिराला वर्षात तीन बहर येतात, आणि हिवाळ्यातल्या बहराच्या फळांत पुढच्या पिढीच्या अळ्या थंडी काढतात. तेवढी फळे ‘निरुपयोगी’ म्हणून झाडली तर उन्हाळ्यात बाग रिकामी. तुर्कस्तानात आयदिनकडे जूनमध्ये ही फळे ‘इलेक’ नावाने आजही बाजारात विकायला येतात.

आपल्या पुरंदरच्या अंजिराला चिलट लागत नाही. त्याचा खट्टा आणि मीठा असे दोन्ही बहर परागीभवनाशिवाय पिकतात. उंबराची गोष्ट वेगळी. एका झाडावरची फळे साधारण एकदमच पिकतात. चिलटे बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर कोवळी फळे सहसा नसतात. त्यांना दोन दिवसांच्या आत, वाऱ्यावर वाहत, दुसरे उंबर गाठावे लागते. एकाकी राहिलेल्या झाडाची फळे परागाविना गळून जातात, आणि त्यावर जगणारी वटवाघळे, हरियाल, वानरे उपाशी राहतात. दत्ताचे झाड म्हणून कुऱ्हाड न लावण्याची रीत आणि विहिरीकाठी उंबर राखण्याची सवय यांनी हे चिलट आजवर सांभाळले. मी भाविक नाही, पण हिशेब मांडताना ही जमा नोंदवावी लागते. खर्चाची बाजू अशी की एक झाड राखून गावाला समाधान वाटते, आणि चिलटाला मात्र पल्ल्यात अशी पुष्कळ झाडे लागतात.

उंबर फारसे कोणी मुद्दाम लावत नाही. पक्षी आणि वटवाघळे बी टाकतात, आणि रोप उगवते ते विहिरीच्या कड्यात, पडक्या भिंतीत, गच्चीच्या पन्हाळीजवळ. पावसाळ्याआधी डागडुजी करताना आपण ते उपटतो. बहुतेक वेळा ते मुळासकट निघते आणि मोकळ्या जागेत लावले तर जगते.