दोन आर्व्या आणि पाच पैसे

भंडाऱ्यातल्या एका रद्दीवाल्याच्या ढिगात पंचवीसेक वर्षांपूर्वी मला एक लिफाफा सापडला. त्यावर वीस पैशांचं तिकीट : आर्वीचं उपग्रह भू-केंद्र. आकाशाकडे तोंड करून बसलेली ती थाळी बघून, पितळी भांड्यांच्या गावात वाढलेल्या मला आधी कासाराच्या दुकानातली परातच आठवली. पण गंमत शिक्क्यात होती. काळ्या गोलात नाव स्पष्ट लागत होतं, आर्वी. आर्वीचं तिकीट आणि आर्वीचाच शिक्का! फक्त शिक्क्यातली आर्वी वर्धा जिल्ह्यातली आणि तिकिटातली पुणे जिल्ह्यातली.

आमच्याकडे आर्वी म्हटलं की पुलगावहून नॅरोगेजची शकुंतला जायची तीच. ‘अरे, हे तं आपलीच आर्वी!’ असं घरातही सगळे म्हणाले. खरी आर्वी नारायणगावजवळची. भोवती डोंगरांची कड, त्यामुळे बाहेरच्या लहरींचा गोंगाट कमी, आणि परदेशी फोनांचा कारभार जिथून चाले ती मुंबई फार लांब नाही. (पुढे खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीलाही त्याच परिसरातली शांतता भावली.) २६ फेब्रुवारी १९७१ रोजी केंद्राचं लोकार्पण झालं, बरोबर वर्षानं तिकीट निघालं. मधल्या ३० डिसेंबरला भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई गेले. त्यांचं तिकीट १९७२च्या ३० डिसेंबरला आलं.

एकाच नावाची दोन गावं कशी, या प्रश्नानं मला काही महिने पछाडलं होतं. वर्ध्याची आर्वी तेलंगराव नावाच्या पुरुषानं वसवली असं गॅझेटियर सांगतं. त्याला हिंदूही आपला म्हणतात, मुसलमानही. जुन्या मराठीत तमिळ माणसाला आणि त्याच्या भाषेला ‘अरवी’ म्हणत. तेलंगराव, अरवी, आर्वी : दक्षिणेकडून आलेल्यांची वस्ती, असा माझा सिद्धान्त तयार झाला. मित्रांना ऐकवूनही झाला. मग कुणीतरी विचारलं, जुन्नरच्या आर्वीत तेलंगराव कुठून आणणार? सिद्धान्त तिथंच बसला. तरी वर्ध्यापुरता तो मी अजून सोडलेला नाही.

आता किमतीचं. अवकाशाचं तिकीट जुनं म्हणजे महाग, असा लोकांचा समज. तो खोटा आहे. अंतराळवीर जॉन ग्लेनचं अमेरिकन तिकीट गुपचूप छापून सीलबंद पाकिटांतून टपाल कचेऱ्यांत पोचवलं आणि २० फेब्रुवारी १९६२ला त्याचं उड्डाण पार पडताच विक्रीला काढलं. गोष्ट झकास, पण प्रती कोट्यवधी. चांद्रविजयाच्या १९६९च्या तिकिटाची तर पहिल्या दिवसाची पाकिटंच ८७ लाखांवर. शारजा, अजमान वगैरे अमिरातींनी टपालासाठी नव्हे, शौकिनांच्या खिशासाठी तिकिटांवर यानं उडवली. शाळेत असताना साठवलेल्या पैशांतून मी असाच एक अपोलो संच घेतला होता. प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात शिक्क्याचा नेमका पाव गोल. पालथं केलं तर डिंक जसाच्या तसा. छापखान्यातच शिक्का खाल्लेलं, पत्राला कधी चिकटलंच नव्हतं. आपल्या आर्यभटाचं पंचवीस पैशांचं कोरं तिकीटही आज चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतं.

दुसरा पक्ष म्हणतो, किंमत चुकीला असते : रंग गळलेला, छाप सरकलेली. मान्य, पण तो छापखान्याचा अपघात. त्यात अवकाश कुठलं? माझा पक्ष असा की किंमत प्रवासाला आणि शिक्क्याला असते. अपोलो १५च्या तिघांनी परवानगीशिवाय चारेकशे पाकिटं चंद्रावर नेऊन आणली. बोभाटा झाला आणि तिघांपैकी कुणीही पुन्हा अवकाशात गेलं नाही. त्या पाकिटांना भाव येतो तो तिकिटावरच्या चित्रामुळे नव्हे. सोव्हिएत रशियाचं १९५७चं, रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीचं तिकीट घ्या. स्पुटनिक उडाल्यावर त्याच तिकिटावर ती बातमी जादा छापली, आणि आज साध्या प्रतीपेक्षा त्या ओळी ल्यालेल्या प्रतीलाच मान.

म्हणूनच माझ्या लिफाफ्यावरचं दुसरं तिकीट महत्त्वाचं. पाच पैशांचं, कुटुंब नियोजनाचं, त्यावर शरणार्थी साहाय्याचा मजकूर जादा छापलेला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्रांवर हा पाच पैशांचा कर होता. पत्राचा दर वीस पैसे, वर पाच. हिशेब चोख जुळतो. नंतर कुणी हौसेनं रचलेलं पाकीट असतं, तर रचणारा हे पाच पैसे बहुधा विसरला असता. आर्वीच्या टपाल कचेरीत कुणी मुद्दाम ‘आपल्या गावाचं तिकीट द्या’ म्हणून मागून घेतलं असेल, असा माझा कयास आहे. आतलं पत्र सोयरिकीचं होतं, मुलगी भंडाऱ्याची.

नागपूरच्या एका प्रदर्शनात हा लिफाफा मी एका मुरलेल्या संग्राहकापुढे ठेवला. त्यांनी थाळीकडे बघितलंही नाही. भिंग सरळ पाच पैशांवर नेलं, लिफाफा उलटवून भंडाऱ्याचा पोच-शिक्का वाचला आणि म्हणाले, ‘हे अंतराळात कशाला लावता? शरणार्थी करात लावा, दाम येईल.’ वर त्यांनी आकडाही सांगितला. लिफाफा अजून माझ्याच वहीत आहे, ग्लेनच्या पुढच्या पानावर.