तळटीप : ‘सुई नेमकी डागात’

* हाताला न लागणारे, केवळ मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे कण सुईने गाठायचे, तर स्तनाच्या दोन तिरक्या प्रतिमा घेतात, साधारण १५ अंश उजवीकडून व तितक्याच डावीकडून. दोन्हींत कण किती सरकलेला दिसतो, त्यावरून त्याची खोली निघते. स्वीडनमधील बोल्मग्रेन, याकोबसन व नॉर्डेनस्ट्रॉम यांनी १९७७ साली असे उपकरण मांडले. मात्र गणित मिलिमीटरपर्यंत बरोबर असले, तरी रुग्ण किंचित हलली किंवा सुईच्या रेट्याने ऊतक सरकले, की नेम चुकतो. (यात दर वेळी डॉक्टरांची हलगर्जी शोधू नये.) म्हणूनच सुईने काढलेल्या ऊतकाच्या तुकड्यांचाही एक्स-रे घेतात. त्यांत कण दिसले नाहीत, तर ‘कर्करोग नाही’ या अहवालावर विसंबता येत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते.